टेनिस एल्बोवरील इंजेक्शन उपचार : तात्कालिक आराम आणि दीर्घकालीन परिणाम

प्रस्तावना :

कोपराच्या बाहेरील बाजूस होणारी आणि महिनोन्‌महिने रेंगाळणारी वेदना हा मध्यमवयीन स्त्रीपुरुषांमध्ये वारंवार आढळणारा विकार आहे. प्रौढ लोकसंख्येपैकी साधारणतः १ ते ३ टक्के व्यक्तींना तो होतो आणि ३५ ते ५५ या वयोगटात त्याचे प्रमाण अधिक असते. सर्वसामान्य भाषेत हा विकार 'टेनिस एल्बो' या नावाने ओळखला जातो. तथापि बहुसंख्य रुग्णांनी आयुष्यात कधीही टेनिसची रॅकेट हाती धरलेली नसते. सुतार, रंगारी, गवंडी, यंत्रावर काम करणारे कामगार, कपडे पिळणाऱ्या व कणीक मळणाऱ्या गृहिणी आणि संगणकावर दीर्घकाळ काम करणारे कर्मचारी या सर्वांमध्ये तो दिसून येतो. फळ्यावर लेखन करणारा आणि परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणारा प्राध्यापकवर्गही त्याला अपवाद नाही.

या विकाराने जिवाला धोका उत्पन्न होत नाही. परंतु चहाचा कप उचलणे, दाराची मूठ फिरवणे, पाण्याची बादली नेणे यांसारख्या साध्या क्रियाही कष्टप्रद होतात. अशा वेळी 'एक इंजेक्शन घेतले की मोकळे व्हाल' हा सल्ला अनेकांना ऐकावयास मिळतो आणि इंजेक्शननंतर काही दिवसांत वेदना खरोखरच ओसरल्याचा अनुभवही येतो. मात्र गेल्या पंचवीस वर्षांतील वैद्यकीय संशोधनाने या अनुभवाची दुसरी बाजू उजेडात आणली आहे. सहा आठवड्यांनी सर्वांत यशस्वी ठरणारा उपचार एका वर्षाने सर्वांत मागे पडलेला दिसतो. हा विरोधाभास समजून घेणे रुग्णाच्या दृष्टीने आणि पुराव्याचे मूल्यमापन शिकवणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) टेनिस एल्बो या विकाराचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या विकारावरील प्रमुख इंजेक्शन उपचारांचा परिचय करून देणे.
३) या उपचारांच्या तात्कालिक व दीर्घकालीन परिणामांची तुलना करणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय चाचण्या व समीक्षणे या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विकाराचा इतिहास व स्वरूप :

या विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन १८७३ मध्ये रुंगे या जर्मन वैद्याने केले, असे मानले जाते. त्याने ही वेदना लेखनाच्या श्रमाशी जोडली होती, ही बाब लेखणीवर उपजीविका करणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढे १८८२ मध्ये इंग्लंडमधील हेन्री मॉरिस यांनी लॉन टेनिस खेळणाऱ्यांच्या हाताच्या दुखण्याचे वर्णन केले आणि त्यातून टेनिसचे नाव या विकाराला कायमचे चिकटले. महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी पोहोचला तो मात्र क्रिकेटमुळे. २००४ मध्ये सचिन तेंडुलकर यांना कोपराच्या या दुखण्यामुळे काही सामन्यांना मुकावे लागले आणि मे २००५ मध्ये लंडन येथे त्यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट, दोरासारख्या भागास कंडरा म्हणजेच टेंडन असे म्हणतात. मनगट मागे वळवणारे व बोटे सरळ करणारे स्नायू कोपराच्या बाहेरील बाजूच्या हाडाच्या उंचवट्यापासून निघतात. कोणतीही वस्तू घट्ट पकडताना मनगट स्थिर ठेवण्याचे काम याच स्नायूंना करावे लागते. त्यामुळे पकड जितकी घट्ट व काम जितके पुनरावृत्तीचे, तितका या स्नायूंच्या कंडरांच्या उगमस्थानावर ताण अधिक पडतो.

दीर्घकाळ असा समज होता की, या ठिकाणी दाह म्हणजे सूज निर्माण होते. विकाराचे 'एपिकाँडिलायटिस' हे शास्त्रीय नावही याच समजुतीतून आले; त्यातील 'आयटिस' हा प्रत्यय दाहाचा वाचक आहे. परंतु १९७९ मध्ये निर्शल व पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण मांडले आणि १९९९ मध्ये क्राउशार व निर्शल यांनी या विषयाचा सविस्तर आढावा घेतला. जुनाट दुखण्यातील कंडरेत दाहाच्या पेशी फारशा आढळत नाहीत; तेथे तंतूंची विस्कळीत रचना, अपरिपक्व पेशींची वाढ व नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसतात, असे त्यांतून पुढे आले. साध्या शब्दांत सांगावयाचे तर, कंडरा सुजलेली असण्यापेक्षा झिजलेली व दुरुस्ती अर्धवट राहिलेली असते. दाह शमविणारे औषध अशा ठिकाणी टोचल्यास त्याचा उपयोग कितपत व्हावा, हा प्रश्न येथूनच निर्माण होतो.

स्टेरॉइड इंजेक्शन : सहा आठवडे आणि एक वर्ष

कॉर्टिसोन व तत्सम संप्रेरकांवरील संशोधनासाठी हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना १९५० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात सांध्यात व सांध्याभोवती हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याची पद्धती रूढ झाली आणि टेनिस एल्बोवरही ती वापरली जाऊ लागली. औषध स्वस्त, कृती काही मिनिटांची आणि आराम जलद, या कारणांमुळे पुढील अनेक दशके हाच प्रमुख उपचार राहिला.

या उपचाराची काटेकोर तपासणी १९९० च्या दशकाअखेर सुरू झाली. १९९९ मध्ये हे व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील १६४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णांचे तीन गट करून एका गटास स्टेरॉइडचे इंजेक्शन, दुसऱ्यास नेप्रॉक्सेन या वेदनाशामकाच्या गोळ्या आणि तिसऱ्यास औषधी द्रव्य नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. चार आठवड्यांनी सुधारणा झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९२, ५७ व ५० टक्के होते. येथेच मोजणी थांबली असती, तर इंजेक्शनचा विजय निर्विवाद ठरला असता. पण बारा महिन्यांनी हेच प्रमाण ८४, ८५ व ८२ टक्के झाले. तिन्ही गट जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन पोहोचले होते.

२००२ मध्ये स्मिट व सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील १८५ रुग्णांवरील चाचणी 'द लॅन्सेट' या नियतकालिकात मांडली. तिचे निष्कर्ष अधिक विचारप्रवर्तक आहेत. ते पुढील तक्त्यात दिले आहेत.

तक्ता क्र. १ : उपचार यशस्वी ठरलेल्या रुग्णांचे प्रमाण (टक्के)

स्टेरॉइड इंजेक्शन : ६ आठवड्यांनी ९२, ५२ आठवड्यांनी ६९
फिजिओथेरपी : ६ आठवड्यांनी ४७, ५२ आठवड्यांनी ९१
केवळ सल्ला व प्रतीक्षा : ६ आठवड्यांनी ३२, ५२ आठवड्यांनी ८३

तक्त्यावरून असे दिसून येते की, सहा आठवड्यांनी अग्रस्थानी असलेला गट वर्षअखेर तळाशी गेला. विशेष म्हणजे ज्यांना केवळ धीर व सल्ला दिला गेला, तेही इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा पुढे राहिले.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे बिसेट व सहकाऱ्यांनी १९८ रुग्णांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाच क्रम पुन्हा आढळला. सहा आठवड्यांनी इंजेक्शन गटातील ७८ टक्के रुग्णांना यश मिळाले, परंतु अशा यशस्वी रुग्णांपैकी ७२ टक्क्यांचे दुखणे नंतर उलटले. फिजिओथेरपी गटात दुखणे उलटण्याचे प्रमाण ८ टक्के होते.

यावर एक आक्षेप शक्य होता. या चाचण्यांत आपणास कोणता उपचार मिळाला आहे, हे रुग्णांना ठाऊक होते. शिवाय आराम पडताच रुग्णांनी हाताचा अतिवापर केला असेल, म्हणून दुखणे उलटले असेल, असेही म्हणता येत होते. कूम्ब्स व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील चाचणीने पहिल्या आक्षेपाचे थेट उत्तर दिले. १६५ रुग्णांपैकी काहींना स्टेरॉइडचे, तर काहींना औषधविरहित सलाइनचे इंजेक्शन देण्यात आले आणि कोणते इंजेक्शन मिळाले हे रुग्णांना कळू दिले नाही. एका वर्षाने पूर्ण बरे झालेल्या अथवा पुष्कळ सुधारणा झालेल्या रुग्णांचे प्रमाण स्टेरॉइड गटात ८३ टक्के, तर सलाइन गटात ९६ टक्के होते. दुखणे उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ५४ व १२ टक्के आढळले. दोन्ही गटांतील निम्म्या रुग्णांना फिजिओथेरपीही दिली होती. पण तिच्या जोडीमुळे स्टेरॉइडचा हा उशिराचा दुष्परिणाम टळला नाही.

असे का घडावे, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. स्टेरॉइडमुळे कंडरेतील पेशींची वाढ व कोलॅजन तंतूंची निर्मिती मंदावते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसते. झिजलेल्या कंडरेची दुरुस्ती चालू असताना हीच क्रिया मंदावली, तर वेदना थांबूनही दुरुस्ती मागे पडेल, हे स्पष्टीकरण ग्राह्य वाटते. याखेरीज टोचलेल्या जागी त्वचेचा रंग फिका पडणे, त्वचेखालील चरबी कमी होऊन खळगा पडणे आणि मधुमेही रुग्णांत काही दिवस रक्तशर्करा वाढणे हे परिणामही संभवतात. सावळ्या त्वचेवर फिका डाग अधिक उठून दिसतो.

रक्तजन्य इंजेक्शने : दुरुस्तीला चालना देण्याचा प्रयत्न

दाह शमविणे हे उद्दिष्ट चुकीचे असेल तर दुरुस्तीस चालना द्यावी, या विचारातून नव्या उपचारांचा उदय झाला. २००३ मध्ये एडवर्ड्स व कॅलँड्रुचिओ यांनी रुग्णाचे स्वतःचे रक्त कंडरेत टोचण्याचा प्रयोग मांडला. २८ पैकी २२ रुग्णांना त्यानंतर आराम मिळाला. २००६ मध्ये मिश्रा व पावेल्को यांनी प्लेटलेटसमृद्ध प्लाझ्मा म्हणजे 'पीआरपी'चा वापर केला. या पद्धतीत रुग्णाचे थोडे रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरविले जाते आणि वेगळा झालेला, प्लेटलेटचे प्रमाण अधिक असलेला भाग दुखऱ्या जागी टोचला जातो. प्लेटलेटमधून वाढीस पोषक घटक स्रवतात व ते ऊतींची दुरुस्ती घडवून आणतात, अशी यामागील कल्पना आहे.

२०१० मध्ये नेदरलँड्समधील पेअरबूम्स व सहकाऱ्यांनी १०० रुग्णांवर पीआरपी व स्टेरॉइड यांची तुलना केली. एका वर्षाने वेदनेच्या मोजपट्टीवर पीआरपी गटातील ७३ टक्के, तर स्टेरॉइड गटातील ४९ टक्के रुग्णांना यश मिळाल्याचे आढळले. या निष्कर्षाने पीआरपीविषयी मोठा उत्साह निर्माण केला.

येथे तुलनेच्या तर्कशास्त्राकडे लक्ष देणे आवश्यक ठरते. स्टेरॉइड घेतलेले रुग्ण वर्षाअखेर काहीही उपचार न घेतलेल्यांच्याही मागे राहतात, हे वरील चाचण्यांतून दिसून आले आहे. अशा मागे पडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा पीआरपी पुढे राहिले, एवढ्यावरून ते स्वतः गुणकारी आहे असे सिद्ध होत नाही. निष्क्रिय द्रव टोचला असता तरी हाच फरक दिसला असता, ही शक्यता शिल्लक राहते. म्हणून तुलना सलाइनशी होणे अगत्याचे होते.

तशी तुलना २०१३ मध्ये डेन्मार्कमधील क्रोग व सहकाऱ्यांनी केली. ६० रुग्णांचे पीआरपी, स्टेरॉइड व सलाइन असे तीन गट करण्यात आले. एक महिन्याने स्टेरॉइड गटाची वेदना सर्वांत कमी होती. परंतु तीन महिन्यांनी पीआरपी वा स्टेरॉइड यांपैकी कोणतेही सलाइनपेक्षा सरस ठरले नाही. उलटपक्षी, २०१४ मध्ये मिश्रा व सहकाऱ्यांनी २३० रुग्णांवरील चाचणीत २४ आठवड्यांनी पीआरपी गटात ८३.९ टक्के व तुलनेच्या गटात ६८.३ टक्के यश नोंदविले. १२ आठवड्यांनी मात्र हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. परस्परविरोधी अशा या निष्कर्षांचा एकत्रित विचार २०२१ मधील कॉक्रेन समीक्षणात करण्यात आला. ३२ चाचण्या व २,३३७ रुग्णांची माहिती तपासल्यावर, रुग्णाचे रक्त अथवा पीआरपी टोचल्याने वेदना वा कार्यक्षमता यांत रुग्णास जाणवेल असा लाभ बहुधा होत नाही, असा निष्कर्ष समीक्षकांनी काढला. पीआरपीचा खर्च स्टेरॉइड इंजेक्शनच्या तुलनेत बराच अधिक असतो. त्यामुळे हा निष्कर्ष रुग्णाच्या खिशाशीही निगडित आहे.

अन्य इंजेक्शने :

बोट्युलिनम विषद्रव्याचे सूक्ष्म प्रमाण स्नायूत टोचून त्याचा ताण कमी करणे, हा आणखी एक मार्ग आहे. २००५ मध्ये हाँगकाँग येथील वाँग व सहकाऱ्यांनी ६० रुग्णांवरील चाचणीत चार व बारा आठवड्यांनी वेदना कमी झाल्याचे दाखविले. परंतु काही रुग्णांची बोटे सरळ करण्याची शक्ती काही काळ क्षीण झाली. हाताच्या कामावर पोट असणाऱ्यास हा मोबदला परवडेलच असे नाही. याखेरीज ग्लुकोजचे संपृक्त द्रावण व हायल्युरॉनिक आम्ल यांचीही इंजेक्शने दिली जातात. कूम्ब्स व सहकाऱ्यांच्या २०१० मधील समीक्षणात विविध कंडराविकारांवरील इंजेक्शनांच्या ४१ चाचण्यांचा व २,६७२ रुग्णांचा समावेश होता. त्यातही स्टेरॉइडचा लाभ अल्पकाळापुरता असून कालांतराने तो उलटतो, असेच दिसले.

'इंजेक्शनने बरे वाटले' या अनुभवाचे विश्लेषण :

एवढे असूनही असंख्य रुग्ण व अनेक अनुभवी चिकित्सक इंजेक्शनची प्रशंसा करतात. हा अनुभव खोटा नाही. मात्र त्याचा अर्थ लावताना तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे विकाराचा नैसर्गिक क्रम. हे व स्मिट यांच्या चाचण्यांत प्रभावी औषध न मिळालेले ८० टक्क्यांहून अधिक रुग्णही वर्षभरात सुधारले. आपोआप बऱ्या होणाऱ्या विकारात जो उपचार शेवटी केला जातो, त्यालाच श्रेय मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे उपचार घेण्याची वेळ. वेदना असह्य झाल्यावरच माणूस वैद्याकडे जातो. चढउतार असणाऱ्या दुखण्यात अशा टोकानंतर उतार येणे स्वाभाविकच असते. तिसरी गोष्ट म्हणजे निरीक्षणाचा काळ. सहा आठवड्यांनी समाधानाने परतलेला रुग्ण आठ महिन्यांनी दुखणे उलटल्यावर त्याच चिकित्सकाकडे जाईलच असे नाही, आणि गेला तरी आधीच्या इंजेक्शनशी त्याचा संबंध जोडला जात नाही. त्यामुळे चिकित्सकाच्या अनुभवात यश साठत जाते व अपयश निसटते. तुलनेचा गट आणि पुरेसा काळ या दोन अटी पाळल्याशिवाय कोणत्याही उपक्रमाचे यश मोजता येत नाही, हे तत्त्व शिक्षणक्षेत्रातील प्रयोगांनाही तितकेच लागू पडते.

रुग्णाचा निर्णय :

प्रतीक्षा करावी, हा सल्ला देणे सोपे आहे. पाळणे सर्वांना सारखेच सोपे नाही. पगारी रजा असलेला कर्मचारी हाताला विश्रांती देऊ शकतो. रोजंदारीवरील गवंड्याला थापी खाली ठेवली की त्या दिवसाची मजुरी गमवावी लागते. त्याच्यासाठी सहा आठवड्यांचा आराम ही क्षुल्लक बाब नसते. पण नेमक्या याच रुग्णाला कामाचा ताण टाळता येत नाही आणि दुखणे उलटल्यास सर्वाधिक हानीही त्याचीच होते. म्हणून इंजेक्शन घ्यावे की नाही, याचा निर्णय त्याच्या वतीने कोणी परस्पर करू नये; दोन्ही बाजू सांगून त्यालाच तो करू द्यावा, हे अधिक न्याय्य होय.

अशा रुग्णाने इंजेक्शनमध्ये कोणते औषध आहे, त्याचा लाभ किती काळ टिकतो, वर्षभरानंतर काय अपेक्षित आहे आणि इंजेक्शन न घेतल्यास काय होईल, हे चार प्रश्न चिकित्सकास अवश्य विचारावेत. दरम्यान हात पूर्णपणे निश्चल ठेवण्याची गरज नसते. वस्तू शरीराजवळ धरून व तळहात वर ठेवून उचलणे, घट्ट पकडीची कामे विभागून करणे आणि मनगटाचे व्यायाम तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढविणे हे उपाय निर्धोक आहेत. कूम्ब्स यांच्या २०१३ मधील चाचणीत सलाइन गटातील फिजिओथेरपी घेतलेल्या रुग्णांना चार आठवड्यांनी इतरांपेक्षा अधिक सुधारणा जाणवली होती. वर्षाअखेर मात्र हा फरक उरला नाही. हाताला मुंग्या येणे, बोटे उचलता न येणे, सांधा अडकणे, ताप वा मोठी सूज असणे ही लक्षणे असल्यास दुखण्याचे कारण वेगळे असू शकते व त्वरित तपासणी आवश्यक ठरते.

निष्कर्ष :

१) जुनाट टेनिस एल्बोमध्ये दाहापेक्षा कंडरेची झीज व अपूर्ण दुरुस्ती हे प्रमुख लक्षण आढळते.
२) स्टेरॉइड इंजेक्शनने पहिल्या काही आठवड्यांत निश्चित आराम मिळतो, परंतु एका वर्षाने त्याचा परिणाम निष्क्रिय इंजेक्शन वा प्रतीक्षा यांच्यापेक्षाही कमी प्रतीचा ठरतो आणि दुखणे उलटण्याचे प्रमाण अधिक असते.
३) पीआरपी स्टेरॉइडपेक्षा वर्षाअखेर सरस दिसले, तरी निष्क्रिय द्रवाशी तुलना केल्यास त्याचा ठोस लाभ आढळत नाही.
४) बहुसंख्य रुग्ण साधारण वर्षभरात कोणत्याही इंजेक्शनशिवाय सुधारतात.

समारोप :

टेनिस एल्बोवरील इंजेक्शनांचा इतिहास पाहता, उपचार परिणामकारक आहे का, एवढाच प्रश्न अपुरा ठरतो. तो कोणाच्या तुलनेत आणि किती काळाने परिणामकारक आहे, हे विचारावे लागते. वेदनेने त्रस्त व्यक्तीला आजचा आराम हवा असतो, हे स्वाभाविक आहे. त्या आरामाची वर्षभरानंतरची किंमत तिला आधीच समजली पाहिजे. ही माहिती सोप्या मराठीत रुग्णापर्यंत पोहोचविणे हे चिकित्सकाइतकेच सुशिक्षित समाजाचेही दायित्व आहे.